शंखावरील व्रण

संकटे माणसाला घडवतात, असे आपण किती सहजपणे म्हणतो! दुःखी घरी सांत्वनाला गेलो की हे वाक्य हमखास तोंडी येते. आम्हीही ते अनेकदा उच्चारले आहे. परंतु शंखशिंपल्यांच्या एका अभ्यासकाचे जीवन व संशोधन वाचल्यापासून ते उच्चारताना आमची जीभ अडखळू लागली आहे.

गीरात व्हर्मे यांचा जन्म १९४६ साली नेदरलँड्समध्ये झाला. वयाच्या तिसऱ्या वर्षी काचबिंदूमुळे त्यांचे दोन्ही डोळे काढावे लागले. पुढे १९५५ मध्ये हे कुटुंब अमेरिकेत स्थायिक झाले आणि गीरात न्यू जर्सीतील साध्या शाळेत डोळस मुलांबरोबर शिकू लागला. त्याच्यासाठी आईवडील व भाऊ, तिघेही ब्रेल लिपी शिकले होते. चौथीच्या वर्गात शिक्षिकेने फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरून आणलेले शंख मांडून ठेवले. गीरातची बोटे त्यांवरून फिरली आणि थबकली. मायदेशाच्या किनाऱ्यावरील शिंपले खडूसारखे भरड होते. येथे नक्षी होती, उंचवटे होते, आतली बाजू तर घोटल्यासारखी गुळगुळीत होती. उबदार पाण्यातल्या शंखांनाच एवढा थाट का? या बालप्रश्नावर पुढे एक आयुष्य उभे राहिले.

येल विद्यापीठात प्रवेशासाठी ते गेले, तेव्हा अंध माणूस प्राणिशास्त्र कसे करणार, अशी शंका तेथील प्राध्यापकांना आली. त्यांनी या तरुणाला संग्रहालयात नेऊन हाती एक शंख ठेवला व ओळखायला सांगितले. त्याने तो ओळखला; मग दुसराही ओळखला. प्रवेश मिळाला. ही परीक्षा निर्दयपणाची होती काय? आम्हांस तसे वाटत नाही. ‘बिचारा’ म्हणून गोड शब्दांत परत पाठवणे अधिक निर्दय ठरले असते, आणि आपल्याकडे दयेच्या नावाखाली बहुधा तेच घडते.

आता शंखांकडे वळू. पॅसिफिकमधील ग्वाम बेटावर एका सहकाऱ्याने व्हर्मे यांना कवडीचे तुकडे दाखवले. टाकीत ठेवलेल्या खेकड्याने ती चक्क फोडून खाल्ली होती. चिंबोरीच्या नांगीचा प्रसाद ज्यांनी घेतला आहे त्यांना याचे नवल वाटणार नाही. व्हर्मे यांना मात्र त्यातून दिशा मिळाली. जाड कवच, अरुंद तोंड, काटे व गाठी ही केवळ शोभा नसून तटबंदी आहे, असे त्यांनी दाखवून दिले. शत्रूची नांगी बळकट होत गेली, तसतशी कवचेही बळकट होत गेली. कोट्यवधी वर्षांच्या या चढाओढीची मांडणी त्यांनी १९८७ च्या आपल्या ग्रंथात केली.

हल्ल्यातून जीव वाचला तर शंखातला प्राणी फुटलेल्या कडेपासून पुन्हा कवच बांधतो आणि जोडाच्या जागी वेडावाकडा व्रण राहतो. तो बोटाला लागतो. जुन्या जीवाश्मांवरही तो सापडतो. येथपर्यंतची कथा कोणत्याही प्रवचनात शोभेल अशी आहे.

पण अडचण पुढेच आहे. व्रण उरतो तो वाचलेल्याच्या अंगावर. जो पुरता चिरडला गेला त्याचे तुकडे वाळूत मिसळतात, आणि ते नांगीने झाले की लाटांनी, हे सांगणेही कठीण होते. म्हणून एखाद्या किनाऱ्यावर व्रणांचे शंख पुष्कळ मिळाले, तर हल्ले अधिक झाले की हल्लेखोर दुबळे होते, याचा निर्णय अभ्यासकाला जपून करावा लागतो. आपण सांत्वन करणारे इतके जपतो काय? संकटातून तावून निघालेला माणूस आपण बोट दाखवून दाखवतो. जे कोलमडले, व्यसनात बुडाले, घर सोडून गेले, ते आपल्या दृष्टान्तात येतच नाहीत. आणि आपले बोलणे ऐकणाऱ्या दुःखी माणसाला मात्र वाटते की, मी घडलो नाही, म्हणजे उणेपणा माझाच.

आणखी एक गोष्ट. शत्रू असला म्हणजे कवच जाड होते, हे अर्धेच खरे. कवचाला चुना लागतो. उबदार पाण्यात तो सहज साकळतो, थंड पाण्यात त्यासाठी अधिक शक्ती वेचावी लागते. बालप्रश्नाच्या उत्तराचा एक भाग या पाण्यातच आहे. नुसत्या हल्ल्याने कोणी बळकट होत नाही.

व्हर्मे यांच्या यशाची गोष्ट सांगताना आम्हांस म्हणूनच ती तीन माणसे अधिक आठवतात, जी डोळस असून ठिपक्यांची लिपी शिकली. आपल्या धर्मग्रामातील एखाद्या अंध मुलासाठी घरातले, शेजारचे असे कितीजण ती शिकतील, हे आम्ही परवा मनाशी मोजू लागलो. स्वतःचे नाव त्यांत धरावे की नाही, येथेच मोजणी अडली आहे.