माया किती सोडावी?



शिवणकामात 'माया' असा एक शब्द आहे. दोन कापडे जोडताना टीप अगदी कडेवर मारत नाहीत, कडेपासून अर्धा इंच तरी आत मारतात. टिपेच्या पलीकडे आतल्या बाजूला जे कापड शिल्लक राहते, ती माया. पिशवी सुलटी केली की ती दिसत नाही, पण वजन आले की तीच शिवण धरून ठेवते. नवीन शिकणारा नेमकी तिथेच काटकसर करतो. कापड वाचते, पिशवी जरा मोठी दिसते, आणि चार बाजार झाले की कडेचे धागे टिपेतून निसटून पिशवीला बाजूने भोक पडते.

हे सांगण्याचे कारण म्हणजे एक प्रश्न. आपल्या जिल्ह्यात पुष्कळ घरांत शिलाई मशीन असते आणि हौसेने किंवा गरजेने कापडी पिशव्या शिवायला शिकणाऱ्याही असतात. प्लास्टिक कमी व्हावे, चार पिशव्या गरजूंना देता याव्यात, असा त्यांचा हेतू असतो. असा हेतू असेल तर काम कच्चे असले तरी चालते का? आपण बहुधा 'चालते' म्हणतो. 'मनापासून केलंय ना, मग झालं!' मला हे उत्तर पटत नाही.

राज्य सरकारने २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आणली आणि २३ जूनपासून कारवाई सुरू झाली. पहिल्या वेळी ५,००० रुपये दंड, दुसऱ्या वेळी १०,०००, तिसऱ्या वेळी २५,००० आणि तीन महिने कैद! धाक मोठा होता. त्या दिवसांत पिशव्या शिवण्याची लाटच आली, बचत गटांनाही काम मिळाले. पुढे धाक ओसरला आणि भाजीच्या गाडीवर पातळ पिशवी पुन्हा दिसू लागली. तेव्हा वाटलेल्या कापडी पिशव्यांचे काय झाले? काही दाराआडच्या खिळ्याला लटकत असतील. पण ज्यांचे बंद पहिल्याच महिन्यात तुटले, त्या फरशी पुसायला गेल्या. (आणि दुकानात 'कापडी' म्हणून जी रंगीत, बारीक ठशांची स्वस्त पिशवी मिळते, ती बहुतेक वेळा कापड नसतेच, तेही एक प्रकारचे प्लास्टिकच. एक टोक जाळून पाहावे. सुती कापडाची राख होते, ही वितळून तिचा कडक गोळा होतो.)

डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने २०१८ मध्येच एक हिशेब मांडला. नव्या सुताची पिशवी शिवली, तर केवळ हवामानावरच्या परिणामात प्लास्टिकच्या पिशवीची बरोबरी करायला ती ५२ वेळा वापरावी लागते. इतर सगळे परिणाम धरले तर ७,१०० वेळा. हा दुसरा आकडा ओझोनच्या थराला होणाऱ्या हानीवरून आला आहे आणि त्यावर पुष्कळ वाद झाला. शिवाय तिकडे वापरलेले प्लास्टिक गोळा होऊन भट्टीत जळते. आपल्याकडे ते नालीत आणि गाईच्या पोटात जाते, आणि उघड्यावर पडलेल्या त्या प्लास्टिकची हानी या हिशेबात धरलेली नाही. तेव्हा हा आकडा दाखवून कोणी प्लास्टिककडे परत वळू नये. पण ५२ हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. आठवडी बाजाराला एक फेरी धरली, तर ते एक वर्ष होते.

कापूस आपल्याला परका नाही. खामगावच्या कापूस बाजारासाठी १८७० मध्ये जलंबहून खास रेल्वेचा फाटा टाकला गेला. कपाशीला पाणी, खत, फवारणी किती लागते आणि ती शेतकऱ्याच्या जिवाला कशी लागते, हे या मातीत कोणाला सांगायला नको. एवढे सोसून आलेल्या सुताचे नवे कापड घ्यायचे आणि दहाव्या फेरीला तुटणारी पिशवी शिवायची, म्हणजे हेतू निसर्ग वाचवण्याचा आणि घडले उलटेच. येथे कच्ची शिवण हा केवळ हाताचा दोष राहत नाही.

मग नवशिक्याने शिकावे तरी कसे? शिकताना कापड वाया जाणारच. म्हणून कोणते कापड वाया घालवायचे, एवढे आपल्या हातात आहे. घरातली जुनी चादर घ्या. ती मधोमध विरलेली असते, पण दोन्ही बाजूंना धड असते. सुती लुगड्याचे काठ बंदांसाठी उत्तम, कारण तिथली वीण दाट असते. आपल्या आज्या-पणज्यांनी वाकळा आणि गोधड्या अशाच कापडातून शिवल्या, त्याही मशीनशिवाय.

सोळा इंच रुंद आणि छत्तीस इंच लांब पट्टा कापा, लांबी कापडाच्या उभ्या धाग्यात येऊ द्या. तो मधोमध दुमडला की तळाला जोड लागत नाही. सगळे वजन तळावर येते, तिथे शिवणच नसेल तर ती उसवणार कुठून? दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच माया सोडून टीप मारा, आणि तिच्या शेजारून आणखी एक. टीप सुरू करताना आणि संपवताना दोन-चार टाके मागे-पुढे घ्या, नाहीतर दोरा सुटत जातो. बंदांसाठी चार इंच रुंद पट्टी चारपदरी दुमडा. बंदाचे टोक तोंडाच्या दुमडीत खोलवर घाला आणि तिथे चौकोन शिवून आत फुली मारा. पिशवी तुटते ती बहुधा याच जागी, आणि नवशिका घाई करतो तीही इथेच, कारण पिशवी 'झालीच' असे वाटू लागलेले असते.

यात एक फरक मात्र करायला हवा. वाकडी टीप आणि कच्ची टीप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नव्या हाताची टीप वाकडी जाणारच, एक बंद दुसऱ्यापेक्षा बोटभर लांब होणारच. त्याने ज्वारी सांडत नाही. ते हसून सोडून द्यावे. कच्ची टीप सोडून देऊ नये, उसवावी. पुष्कळांना उसवणे म्हणजे केलेले काम फुकट गेले असे वाटते. पण टीप कुठे धरली नाही हे हाताला कळते ते उसवतानाच.

महात्मा गांधींनी यंत्रांवर टीका केली, पण शिलाई मशीनला त्यातून सूट दिली. १९२४ मध्ये त्यांनी सांगितले की, हाताने शिवताना पत्नीला होणारे कष्ट पाहून, तिच्यावरील प्रेमापोटी सिंगरने हे यंत्र काढले. इतिहास इतका गोड नाही. सिंगर हा धंदेवाला माणूस. १८५० मध्ये बोस्टनच्या एका कारखान्यात दुसऱ्याचे यंत्र दुरुस्तीला आले, त्यात सुधारणा करून त्याने पुढच्या वर्षी आपल्या नावे पेटंट घेतले. पण त्याच्या मनात प्रेम होते की पैसा, याने यंत्राच्या टिपेत काय फरक पडला? कष्ट तर वाचलेच. हेतूला मोल नाही असे मी म्हणत नाही. हेतू माणसाला मशीनपाशी बसवतो. पाच किलो ज्वारी मात्र टीपच उचलते.

आता सर्वांत अवघड भाग. शिकाऊ न्हाव्याचा हात कोणाच्या डोक्यावर बसतो? ज्याला दुसरीकडे जायला पैसे नाहीत त्याच्या. तसेच शिकाऊ हाताच्या पहिल्या पिशव्या आपण कोणाला देतो? 'दान' म्हणून गरिबाला. घरात वापरायला नको वाटते, विकायला लाज वाटते, म्हणून दान. विकत घेणारा बंद तुटला की परत येऊन चार शब्द सुनावतो. फुकट घेणारा गप्प बसतो. रस्त्यात धान्य सांडले तर ते निमूट वेचतो आणि पुढच्या वेळी भेटला की पुन्हा आपल्याला धन्यवादच देतो. त्यामुळे देणाऱ्याला आपली शिवण कच्ची आहे हे कधी कळतच नाही. म्हणून पहिल्या पाच-सहा पिशव्या स्वतःच्याच घरात वापराव्यात. ज्वारी, कांदे, बटाटे भरून रात्रभर खुंटीला टांगून ठेवाव्यात आणि सकाळी बंदांच्या मुळाशी पाहावे.

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात यापो नगरातल्या टबीथेची, म्हणजेच दुर्कसची गोष्ट आहे. ती वारल्यावर विधवा स्त्रिया पेत्राजवळ रडत उभ्या राहिल्या आणि तिने शिवलेले अंगरखे व वस्त्रे त्याला दाखवू लागल्या. ते कपडे दाखवण्याजोगे होते, ही साधी गोष्ट आपण वाचताना विसरतो. घेणाऱ्या विधवा होत्या म्हणून तिने कसेही शिवले नसावे.

पुढे पिशवी दुसऱ्याला द्याल तेव्हा सांगा, 'उसवली तर घेऊन या, शिवून देते.' आणि कोणी खरोखरच घेऊन आले तर रागावू नका, त्याने मोकळेपणाने येऊन सांगितले हे चांगलेच झाले. पिशवी उलटी करा. अर्धा इंच माया सोडलेली असेल तर जुन्या टिपेच्या आतून नवी टीप मारता येते आणि पिशवी पुन्हा वर्षभर बाजाराला जाते. कडेला लागून शिवली असेल, तर धरायला तिथे कापडच उरलेले नसते.