कांशाचा रंधा

उपयोगाच्या वस्तूवर तिच्या सौंदर्यासाठीं प्रेम करावें कीं न करावें, हा प्रश्न प्रथमदर्शनीं क्षुल्लक वाटतो. ज्याला जें आवडेल तें त्यानें घ्यावें, इतकेंच त्याचें उत्तर पुष्कळ जण देतील. परंतु ती वस्तु जर हत्यार असेल, तर प्रश्न एवढ्यावर मिटत नाहीं. हत्यार हें दुसरें कांहीं घडविण्यासाठीं असतें. तेंच डोळे भरून पाहण्याचा विषय झालें, तर साधनानें साध्याची जागा घेतली असें होत नाहीं काय? कांशाच्या रंध्याविषयीं देशोदेशींच्या हौशी लोकांत जें आकर्षण दिसतें, त्याच्या निमित्तानें हा विचार करण्यासारखा आहे.

आपल्याकडील जुना रंधा अगदीं साधा. कठीण लाकडाचा ठोकळा, त्यांत तिरकें बसविलेलें पातें, आणि पातें घट्ट धरणारी पाचर. महाडहून भोरकडे जातांना घाटाच्या पायथ्याशीं वरंध गांव लागतें. तेथील काय किंवा पोलादपुराकडील काय, जुन्या घरांच्या तुळया आणि चौकटी अशाच हत्यारांनीं साफ झाल्या आहेत. पश्चिमेकडे मात्र एकोणिसाव्या शतकांत स्कॉटलंडांतील एअर येथें स्पायर्स यांनीं, आणि पुढें लंडनमध्यें नॉरिस यांनीं, पोलादाचे व तोफधातूचे, आंत शिसवी लाकूड भरलेले रंधे केले. अमेरिकेंतील मेन प्रांतांत १९८१ सालीं निघालेल्या ली-नील्सन यांच्या कारखान्याची कीर्ति तर सोनेरी झांक असलेल्या कांशाच्या रंध्यांनींच प्रथम पसरली.

या आकर्षणाला आधार नाहीं असें मुळींच नाहीं. वरंधच्या बाजूला वर्षाकांठीं ३,००० मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. त्या दिवसांत लोखंडावर पाहतां पाहतां तांबूस पुट चढतें. लाकडी रंध्याचा तळहि फुगतो, आणि तो पुन्हां घासून सपाट करावा लागतो. कांसें काळवंडेल, फार तर हिरवें पडेल, परंतु लोखंडासारखें गंजणार नाहीं. तें ओतीव लोखंडाहून जड असल्यामुळें रंधा लाकडावर दबून चालतो. हातून निसटून फरशीवर पडलें तर ओतीव लोखंड तडकतें. या रंध्याला बहुधा पोचाच येतो. घरांतील काशाची वाटी पडून फुटते हा अनुभव येथें लागू पडत नाहीं. कारण वाटींत कथिल सुमारें २२ टक्के असतें, आणि तोफधातूंत त्याच्या निम्म्याच्या आसपास. बाजारांत जें मँगनीज कांसें म्हणून ओळखलें जातें, त्यांत तर तांब्याच्या जोडीला मुख्यतः जस्तच असतें. म्हणजे तें नांवाचें कांसें आणि जातीचें पितळ!

परंतु या सोनेरी देहांत एक वस्तु कांशाची नसते, ती म्हणजे पातें. लोखंड हातीं येण्यापूर्वीं मनुष्यानें कांशाच्याच छिन्न्यांनीं लाकूड कापलें हें खरें. तथापि पोलादासारखी कठीण व टिकाऊ धार त्याला येत नाहीं. म्हणून अत्यंत मूल्यवान् रंध्यांतहि पातें पोलादाचेंच. या हत्यारापुरतें बोलावयाचें तर, जें गंजत नाहीं तें कापीत नाहीं, आणि जें कापतें तें गंजतें. तें धारेच्या दगडावर घासणें, पुसणें, त्याला तेलाचा हात लावणें, हें कर्तव्य वरंधच्या सुताराला चुकलें नाहीं आणि कांशाच्या रंध्याच्या धन्यालाहि चुकणार नाहीं.

येथेंच दोन प्रकारच्या प्रेमांतील भेद दिसूं लागतो. हत्याराचें रूप पाहून ज्याला तें हातीं धरावेंसें वाटतें, आणि हातीं धरल्यावर पात्याची निगा राखावीशी वाटते, त्याचें प्रेम कामाकडे नेणारें आहे. ज्याला तें कांचेच्या कपाटांत ठेवून समाधान होतें, त्याचें प्रेम कामापासून सुटका करून घेणारें आहे. खंडेनवमीला आपले कारागीर हत्यारें पुसून मांडतात व त्यांना हळदकुंकू वाहतात. त्या एका दिवसाच्या पूजेला अर्थ आहे, कारण वर्षाचे बाकीचे दिवस तीं हत्यारें राबलेलीं असतात. बारमास पूजाच चालली, तर तिला हा आधार राहत नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं, साध्या लाकडी रंध्यानें भागत असतां कांशाचा हवा कशाला? हा आक्षेप आम्हांस मान्य नाहीं. देवळांतील घंटेला कांसें शोभतें, तर श्रमाच्या हत्याराला तीच धातु चैन कां ठरावी? वरंधच्या सुतारानें तसा रंधा घेतला नाहीं तो रसिकता नव्हती म्हणून नव्हे. ऐपत नव्हती म्हणून. गांवगाड्यांत तो बारा बलुतेदारांपैकीं एक. सुगीला मिळणाऱ्या धान्यावर त्याचा संसार. आज त्याच्या हातीं विजेचा रंधा आला आहे, घरांतील कपाटें प्लायवुडचीं झालीं आहेत, आणि हातरंध्याला काम थोडें उरलें आहे. नेमक्या अशा वेळीं त्या हातरंध्याचा आपण दागिना करूं लागलों, ही गोष्ट अंतर्मुख करणारी आहे. हत्यार राबत होतें तेव्हां राबणाऱ्याकडे ज्यांनीं पाहिलें नाहीं, त्यांना आतां हत्यार तेवढें सुंदर दिसावें, यांत रसिकता असेल. न्याय खास नाहीं.

तेव्हां या प्रेमाच्या कसोट्या दोन. रंध्याच्या पात्याला धार आहे काय, ही पहिली. आणि दारीं आलेल्या सुताराच्या मजुरीविषयीं त्याचा धनी घासाघीस करतो काय, ही दुसरी. पहिल्या कसोटीस जो उतरला त्याचें हत्यारावर प्रेम आहे. दुसरीसहि उतरला, तर त्या हत्यारानें होणाऱ्या कामाचा त्याला मान आहे. मग रंधा कांशाचा असो वा लाकडाचा.