देव न मानणाऱ्याची भजनं

कोथरूडमध्ये राहणारा, पन्नाशी ओलांडलेला एक गृहस्थ देव मानत नाही. घरात देवघर आहे, पण ते बायकोच्या ताब्यात. समईत तेल घालण्यापलीकडे त्याची मजल जात नाही, आणि तेही कुणी सांगितलं तर. मात्र त्याच्या मोबाइलमध्ये सगळ्यात जास्त वेळा वाजलेल्या गाण्यांची यादी पाहिली, तर हा माणूस रोज पहाटे काकड आरतीला जात असणार असंच कुणालाही वाटेल. पहिल्या पंधरांत अकरा गाणी देवाची आहेत. विठ्ठल आहे, कबीराचा निर्गुण राम आहे, येशू आहे, कव्वालीतला मौलाही आहे.

एकदा स्वयंपाकघरात भाजी चिरताना भीमसेन जोशींचं ‘तीर्थ विठ्ठल’ लागलं. त्याने बाहीने डोळे पुसले. मुलगी कॉलेजात तत्त्वज्ञान शिकते, त्यामुळे तिने संधी सोडली नाही. “बाबा, तू देव मानत नाहीस ना? मग रडतोस कुणासाठी?” कांद्यामुळे, असं म्हणायची सोय होती, पण तो भेंडी चिरत होता.

प्रश्न जुना आहे. फक्त पूर्वी तो उलट्या बाजूने विचारला जात असे. चौथ्या शतकाच्या शेवटी आफ्रिकेतल्या हिप्पो शहराचा बिशप ऑगस्टीन ‘कन्फेशन्स’ लिहीत होता. त्याच्या दहाव्या भागात तो कानाच्या मोहाबद्दल बोलतो. मिलानच्या चर्चमधली स्तोत्रं ऐकून आपण रडलो होतो, हे त्याला आठवतं. गाण्यामुळे दुबळं मन भक्तीकडे वळतं, म्हणून चर्चमध्ये गाणं असावं, हे त्याला पटतं. पण कधीकधी शब्दांतल्या अर्थापेक्षा सुरांनीच आपण जास्त हलतो. अशा वेळी आपल्या हातून पाप घडतं, त्यापेक्षा गाणं ऐकलंच नसतं तर बरं, अशी कबुली तो देतो. ऑगस्टीनला भीती होती की गाणं देवाची जागा घेईल. कोथरूडच्या गृहस्थाला खटकतं ते दुसरंच. गाण्याच्या आडून देव तर घरात शिरत नाही ना?

मुलीला द्यायला त्याच्याकडे एक उत्तर तयार होतं: आई. ‘तीर्थ विठ्ठल’ हा नामदेवांचा अभंग, चाल राम फाटकांची. फाटक पुणे आकाशवाणीत होते, आणि हा अभंग लोकांच्या कानांत बसला तो रेडिओमुळेच. त्याच्या लहानपणी सकाळी बंबात पाणी तापत असायचं, आई डबे भरायची आणि रेडिओ चालू असायचा. म्हणजे डोळ्यांत पाणी येतं ते विठ्ठलासाठी नव्हे, त्या स्वयंपाकघरासाठी. एवढा साधा हिशेब.

हे उत्तर सोयीचं आहे, पण काश्मिरातल्या अभिनवगुप्ताने ते हजार वर्षांपूर्वीच मोडीत काढून ठेवलंय. भरताच्या नाट्यशास्त्रावरच्या ‘अभिनवभारती’ या टीकेत तो रसाच्या आड येणारी सात विघ्नं सांगतो. त्यातलं एक म्हणजे प्रेक्षकाने स्वतःच्याच सुखदुःखात बुडून जाणं. नाटकातला विरह पाहताना आपलीच दूर गेलेली बायको आठवून कुणी रडत असेल, तर त्याला रस लाभलेला नाही, तो नुसता दुःखी झालाय. रसाला ‘साधारणीकरण’ लागतं. भावना ‘माझी’ राहता कामा नये. ही कसोटी लावली तर आपल्या निम्म्या आवडत्या गाण्यांचा निकाल लागेल. शाळेच्या सहलीत ऐकलं म्हणून, साखरपुड्यात वाजलं म्हणून, आईला आवडायचं म्हणून आवडलेली गाणी अभिनवगुप्ताच्या दरबारात आत यायची नाहीत. जरा कडक माणूस. पण त्याचं म्हणणं टाळता येत नाही: आठवण काढून टाकली तर खाली काय उरतं?

ते पाहायला आठवणी नसलेली गाणी हवीत. गेल्या काही वर्षांत या गृहस्थाला ती मिळाली, बरीचशी हरवलेल्या आणि पुन्हा सापडलेल्या संगीतातून.

पहिलं सापडलं ते खरं तर त्याचंच होतं. दिल्लीच्या ‘इंडियन ओशन’ या बँडचा ‘कंदीसा’ हा अल्बम २००० साली आला. त्याने तेव्हा सीडी घेतली, दोन-तीनदा ऐकली आणि घर बदलताना ती कुठल्या तरी खोक्यात गेली. वीसेक वर्षांनी ते शीर्षकगीत अचानक कानावर पडलं आणि तो जिन्यातच उभा राहिला. हे केरळातल्या सीरियन ख्रिश्चनांचं प्राचीन स्तोत्र. भाषा सिरियाक, म्हणजे येशू जी बोलत असे असं मानतात त्या अरामाइकचीच बोली. त्याला एक शब्द कळत नव्हता, ख्रिस्ती प्रार्थनेशी घरोबा नव्हता, आई कुठेच नव्हती. तरी तेच झालं. मग त्याने बँडबद्दल वाचायला घेतलं तेव्हा कळलं की त्या गाण्यातल्या आवाजांपैकी एक, असीम चक्रवर्ती, २००९ च्या डिसेंबरातच गेला होता. आणि बासवाला राहुल राम नर्मदा आंदोलनात होता. त्याच अल्बममधलं ‘मा रेवा’ तिथल्याच खोऱ्यातून आलेलं.

म्हणजे आठवण गेली, शब्दांचा अर्थही गेला. तरी भाषा होती, आणि भाषेच्या आवाजातही काहीतरी पवित्रपणा लपलेला असू शकतो, असं मुलगी म्हणाली. (ती तत्त्वज्ञान मन लावून शिकते आहे हे मान्य केलं पाहिजे.) मग त्याने तिला ब्लाइंड विली जॉन्सन ऐकवला. टेक्सासचा हा आंधळा रस्त्यावरचा गायक. डिसेंबर १९२७ मध्ये डॅलसला त्याने ‘डार्क वॉज द नाइट’ ध्वनिमुद्रित केलं. नाव एका जुन्या इंग्रजी स्तोत्रातलं, विषय गेथसेमनीच्या बागेतली येशूची अटकेआधीची रात्र. पण विली त्यात एकही शब्द उच्चारत नाही. गिटारच्या तारांवरून सरकत जाणारा सूर आणि त्याच्या मागोमाग जाणारं हुंकारासारखं गुणगुणणं, बस्स. १९४५ मध्ये तो दारिद्र्यात मेला. १९७७ मध्ये व्हॉयेजर अंतराळयानांवर ज्या सोनेरी तबकड्या चढवल्या, त्यांत हे गुणगुणणं आहे, आणि गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची भैरवीसुद्धा. ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत केसरबाई महाकठोर. त्यांचा आवाज सूर्यमालेबाहेर निघाला आणि त्याच वर्षी त्या गेल्या. गृहस्थाच्या दृष्टीने या तबकडीतली गंमत अशी की ती ऐकणाऱ्याला, कधी कुणी ऐकलीच तर, येशू ठाऊक नसणार आणि भैरवी मैफलीच्या शेवटी गातात हेही नसणार.

मग आत हलतं ते नेमकं काय? इस्लामी धर्मपंडित अल् गझालीने अकराव्या शतकाच्या अखेरीस ‘इह्या’ या ग्रंथात समा, म्हणजे सुफींच्या श्रवणाबद्दल, एक स्वतंत्र प्रकरण लिहिलंय. त्याचा रोख असा की संगीत हृदयात नवीन काही घालत नाही, आधीच तिथे असलेलं ढवळून वर आणतं. म्हणून ते कुणाला तारतं, कुणाला बुडवतं. हे ऐकून मुलीने लगेच निकाल दिला, “म्हणजे तुझ्या आत देव आहेच, तुला पत्ता नाही.” हा युक्तिवाद भाविकांना फार आवडतो, आणि तो लबाड आहे. या न्यायाने शोकगीत ऐकून रडणाऱ्याच्या घरात प्रेत असलं पाहिजे. गझालीचं म्हणणं एवढंच की आत काहीतरी असतं. त्याला देव म्हणायचं की दुसरं काही, हे गाणं सांगत नाही.

बरं, श्रद्धा ऐकणाऱ्यात नसेल तर निदान गाणाऱ्यात, रचणाऱ्यात असेलच ना? तिथेही गुंता आहे. ‘इंद्रायणी काठी’ हे गाणं भजनी मंडळं गातात, आणि ते कुठल्यातरी संताचं आहे असं समजणारे कमी नाहीत. पण ते १९५३ च्या ‘गुळाचा गणपती’ या सिनेमासाठी ग. दि. माडगूळकरांनी लिहिलं, पु. ल. देशपांड्यांनी चाल दिली आणि भीमसेनांनी गायलं. एका विनोदी सिनेमाची गरज म्हणून बनलेली वस्तू आळंदीच्या वाटेवर लागली. इंग्लंडमध्ये रॅल्फ व्हॉन विल्यम्स या संगीतकाराने १९०६ च्या ‘इंग्लिश हिम्नल’ या प्रार्थनागीतांच्या संग्रहाचं संगीत-संपादन केलं. बाप पाद्री, पण हा स्वतः तरुणपणी नास्तिक आणि पुढे अज्ञेयवादी. त्या संग्रहातल्या चालींवर इंग्लंडच्या चर्चांतून पिढ्यानपिढ्या लोकांनी प्रार्थना केल्या. त्या काय खोट्या ठरल्या?

इथपर्यंत गृहस्थ वादात जिंकत होता. त्याची गाडी अडली ती अॅलिस कोल्ट्रेनपाशी.

अॅलिस मूळची डेट्रॉइटची. लहानपणी बाप्टिस्ट चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची, पुढे जॅझमध्ये पियानो आणि हार्प वाजवू लागली. नवरा जॉन कोल्ट्रेन. ‘अ लव्ह सुप्रीम’ हा त्याचा अल्बम डिसेंबर १९६४ मध्ये एका दिवसात ध्वनिमुद्रित झाला. त्याच्या शेवटच्या भागात जॉन स्वतःची प्रार्थना शब्दाशब्दाने सॅक्सोफोनवर वाजवतो, गात नाही. १९६७ मध्ये जॉन गेला. चार मुलं पदरात असलेली अॅलिस स्वामी सच्चिदानंदांकडे वळली, भारतात येऊन गेली, ‘जर्नी इन सच्चिदानंद’सारखे अल्बम केले, आणि मग संगीताच्या धंद्यातून हळूहळू बाहेर पडली. तुरीयसंगीतानंदा हे नाव घेतलं आणि १९८३ मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या डोंगरात आश्रम काढला. तिथे दर रविवारी भजनं होत. संस्कृत नामावली, कृष्ण, केशव, राम. पण टाळ्या आणि ऑर्गन थेट डेट्रॉइटच्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमधले, आणि मध्येच सिंथेसायझरचा सूर रॉकेटसारखा वर जाणारा. या भजनांच्या कॅसेटी तिने १९८२ ते १९९५ या काळात काढल्या, त्या आपल्या शिष्यांसाठी. बाहेर फारसं कुणाला ठाऊकही नव्हतं. २००७ मध्ये अॅलिस गेली. २०१७ मध्ये ‘लुआका बॉप’ या कंपनीने त्यातली निवडक भजनं नव्याने काढली आणि जगभरच्या रसिकांनी ती डोक्यावर घेतली. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या वणव्यात तो आश्रम जळाला.

गृहस्थाने ही भजनं महिनाभर ऐकली. हेडफोन लावून, दिवा मालवून. भारावला. आणि मग एका भजनात त्याला मागच्या टाळ्या नीट ऐकू आल्या. काही टाळ्या तालात होत्या, काही थोड्या चुकत होत्या. एक बाई बेसूर होती आणि जीव तोडून गात होती. त्याच्या लक्षात आलं की या ध्वनिमुद्रणात श्रोता असा कुणी नाहीच. खोलीतला प्रत्येक माणूस काहीतरी करतोय. नुसता ऐकणारा सबंध जगात एकटा तोच.

संस्कृत काव्यशास्त्रात यावरही भांडण झालंय, आणि ते वाटतं तितकं पोथीतलं नाही. अकराव्या शतकातल्या मम्मटाने देवाबद्दलच्या प्रेमाला ‘भाव’ म्हटलं, रसाचा दर्जा नाकारला. सोळाव्या शतकात रूप गोस्वामीने ‘भक्तिरसामृतसिंधु’ लिहून भक्ती हाच मुख्य रस ठरवला. पण त्याने आणखी एक गोष्ट गुपचूप बदलली. त्याच्याकडे रस भोगणारा माणूस प्रेक्षागृहात बसलेला नाही. तो नाटकातलंच पात्र आहे: सखा, दास, आई, प्रेयसी. अभिनवगुप्ताचा सहृदय, म्हणजे रसिक प्रेक्षक, खुर्चीत बसतो, रूप गोस्वामीचा भक्त उठून कामाला लागतो.

मुलीचा प्रश्न मग निराळा दिसू लागतो. देव आहे की नाही, मानतोस की नाही, याने फारसा फरक पडत नाही. ते अश्रू कुठल्याच बाजूने साक्ष देत नाहीत. फरक असलाच तर तो करण्यात आणि ऐकण्यात आहे. भजन ही मुळात ऐकण्याची वस्तूच नव्हे. तुकोबांनी तर कीर्तनकाराला बजावलं की जिथे कीर्तन करायचं तिथे अन्नसुद्धा घेऊ नये. आपण वातानुकूलित सभागृहात तिकीट काढून संतवाणी ऐकतो, मध्यंतरात बटाटेवडा खातो आणि ‘आज काय लागलाय आवाज’ म्हणत घरी येतो. यात गैर काही नाही. वडाही चांगला असतो. फक्त अभंगाची ती बाजू, जी हातापायांना कामाला लावते, ती आपल्याकडे येईपर्यंत गळून गेलेली असते. भाविक श्रोत्याकडेही ती येतेच असं नाही, हे गृहस्थाचं समाधान. पण ते काही फार मोठं समाधान नव्हे.

ज्येष्ठात पालख्या पुण्यात आल्या. तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाच्या देवळात उतरते, माउलींची भवानी पेठेत. तिसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही निघतात. गृहस्थ ऑफिसला निघाला होता, वाटेत रस्ता बंद, म्हणून कडेला उभा राहिला. खिशात इअरफोन होते. एक दिंडी समोर थांबली. शेवटच्या ओळीतल्या एका म्हाताऱ्या वारकऱ्याला चपलेचा अंगठा शिवून घ्यायचा होता. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि गळ्यातले टाळ काढून सरळ याच्या हातात दिले. “धरा माउली, आलोच.” दिंडी हलली, तसा हाही हलला. धरून नुसतं चालणं विचित्र दिसलं असतं, म्हणून वाजवू लागला. अभंग ओळखीचा होता, भीमसेनांच्या आवाजात शंभरदा ऐकलेला. तरी पुढच्या ओळीतल्या पोराने मान वळवून पाहिलं आणि हसून म्हणाला, “माउली, मागं पडताय. पखवाजाकडं कान द्या.”

चौकापर्यंत त्याचं सगळं लक्ष पखवाजाकडे होतं. अभंगात विठ्ठल आला की नाही, हे काही त्याला नंतर आठवेना. म्हातारा धावत येऊन टाळ घेऊन गेला, आणि हा उशीर झाला म्हणून रिक्षा शोधू लागला.