मुखपृष्ठाचे ऋण

मुखपृष्ठ हे संहितेचे पहिले दृश्य वाचन असते. म्हणून चित्रकार आपली प्रेरणा कोठे शोधतो, हा प्रश्न निव्वळ तंत्राचा राहत नाही. पूर्वसूरींची चित्रे न्याहाळणे हा त्याच्या अभ्यासाचाच भाग होय. दीनानाथ दलालांच्या (१९१६–१९७१) मुखपृष्ठांनी मराठी वाचकाची नजर घडविली. त्यांना वगळून हा अभ्यास होणे कठीण. १९५७ चा कॉपीराइट कायदा चित्रकाराच्या निधनानंतर साठ वर्षे, म्हणजे दलालांच्या चित्रांना २०३१ च्या अखेरपर्यंत, संरक्षण देतो. मात्र हे संरक्षण अभिव्यक्तीला असते, कल्पनेला नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली आर. जी. आनंद खटल्यात स्पष्ट केले.

तथापि कायदा जेथे थांबतो तेथे नीतीचा प्रश्न संपत नाही. समजा, भाईंदरच्या मिठागरांवरील एखाद्या कादंबरीसाठी चित्रकाराने जुन्या चित्रांवरून केवळ मिठाच्या शुभ्र राशींची कल्पना घेतली. यात कोणाच्या हक्काचा भंग होत नाही. परंतु कादंबरी ज्या मजुरांविषयी बोलते, त्यांचे खाऱ्या पाण्यात, उन्हात राबणे त्या शुभ्रतेत लोपते. आधीच्या चित्रकाराने काय वगळले, हेही नकळत उसने घेतले जाते. चित्रकार प्रत्यक्ष मिठागरावर गेला तरी हा धोका टळत नाही, कारण सरावलेली नजर तेथेही परिचित चित्रच शोधते.

तेव्हा प्रेरणेच्या शोधाची कसोटी संहितेतच शोधावी लागते. सापडलेली प्रतिमा संहितेपुढे ठेवून तिच्यातून कोण गळाले, हे चित्रकाराने विचारले पाहिजे. पूर्वसूरींचे ऋण नामोल्लेखाने मान्य करता येते. गळालेल्या माणसांचे ऋण चित्रातच फेडावे लागते.