बेस गिटारची मोड

जुना दागिना सोनाराकडे मोडीत घातला की सोन्याच्या वजनाचे पैसे हातात पडतात आणि घडणावळ बुडते. हा हिशेब मराठी घरांत सगळ्यांना पाठ असतो. अमेरिका-युरोपात महागड्या बेस गिटारींचा जो जुना बाजार चालतो, तिथेही घडणावळ अशीच बुडते. फक्त तिथे सोनं कशाला म्हणायचं हे ठरवताना भल्याभल्यांची फसगत होते. दुर्मीळ लाकूड, निगुतीचं जडावकाम, नामवंत कारागिराचा हात, यांपैकी एकही गोष्ट त्या बाजारात हमखास सोनं ठरत नाही.

१९५१ साली कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनमध्ये लिओ फेंडरनं प्रिसिजन बेस विकायला काढली, तेव्हा तिची किंमत जेमतेम २०० डॉलर होती. फेंडर हा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. डबल बेसचं धूड गावोगाव वाहणाऱ्या वादकाला सुटसुटीत वाद्य मिळावं आणि पडदे असल्यामुळे सूर नेमका लागावा, इतका साधा त्याचा विचार होता. लाकडाचा भरीव ठोकळा, त्यावर चार स्क्रूंनी बसवलेली मान. मान बिघडली तर काढायची आणि दुसरी लावायची. १९६० मध्ये त्याच कारखान्यातून जॅझ बेस आली. तीही ठरावीक मापांची, शेकड्यांनी बनणारी. त्या सुरुवातीच्या वर्षांतली, काहीही न बदललेली जॅझ बेस आज घ्यायची तर पाच आकडी डॉलर मोजावे लागतात.

याच्या अगदी उलट टोकाला आहेत खास ऑर्डर देऊन बनवून घेतलेल्या बेस. ब्रुकलिनमध्ये १९८३ पासून काम करणारी फोडेरा किंवा कॅलिफोर्नियातली अलेम्बिक यांच्या कार्यशाळांमधलं काम पाहून माणूस थक्क होतो. मानेत वेगवेगळ्या लाकडांच्या पट्ट्या एकजीव केलेल्या, अंगावर नक्षीदार रेषांचं लाकूड, शिंपल्याचं जडावकाम. ग्राहक तारा किती हव्यात ते सांगतो, त्यांमधलं अंतर सांगतो, मानेची जाडी सांगतो, लाकूड निवडतो. कधी बाराव्या पडद्यापाशी स्वतःची आद्याक्षरंही बसवून घेतो. अशा वाद्याची किंमतही पाच आकड्यांत जाते. विकायची वेळ आली की मात्र नवा ग्राहक लाकडाचे आणि कारागिराच्या नावाचे पैसे देतो. पहिल्या मालकाच्या आवडीचे देत नाही. अलेम्बिकच्या वरच्या श्रेणीतल्या वापरलेल्या बेस नव्या किमतीच्या बऱ्याच खाली विकल्या जातात. कारागिरीत काही खोट असते म्हणून नव्हे. एका माणसाच्या हाताला तंतोतंत बसावी म्हणून जी वस्तू घडते, ती दुसऱ्याच्या हाताला बसेलच असं नसतं.

मग फेंडरच्या त्या साध्या ठोकळ्यात सोनं आलं कुठून? ते कानांतून आलं. डेट्रॉइटच्या मोटाउन स्टुडिओत बेसवादक जेम्स जेमर्सन १९६२ ची प्रिसिजन बेस वाजवत असे. जाड, गुळगुळीत वेढ्यांच्या तारा, आणि त्या तुटल्याशिवाय बदलायच्या नाहीत हा त्याचा शिरस्ता. जेमर्सनचं नाव कधीही न ऐकलेल्या कोट्यवधी लोकांच्या कानांत त्या बेसचा आवाज बसला. पुढे ध्वनिमुद्रणासाठी कुणी नुसतं ‘बेस’ म्हटलं तरी मनात आवाज तोच यायचा. खास घडवलेल्या वाद्याला आपला आवाज जगाला नव्यानं ओळखीचा करून द्यावा लागतो. जुन्या फेंडरची ओळख करून द्यावी लागत नाही. वादकांची आणि श्रोत्यांची ही सामाईक ओळख म्हणजेच या बाजारातलं सोनं.

बेसवादक मार्कस मिलरचं उदाहरण याहून बोलकं आहे. १९६५ च्या जानेवारीत सीबीएस या प्रसारण कंपनीनं फेंडर कंपनी १ कोटी ३० लाख डॉलरला विकत घेतली, आणि त्यानंतरचा माल घसरला असं वादक म्हणू लागले. व्यापारी आजही ‘प्री-सीबीएस’ असा वेगळा भाव सांगतात. सत्तरच्या दशकातल्या बेस जड म्हणून, मानेच्या जोडात फट राहते म्हणून बाजूला पडायच्या. मिलरनं याच काळातली, १९७७ ची जॅझ बेस घेतली, न्यूयॉर्कच्या रॉजर सॅडोस्कीकडून तिच्यात प्रीअँप, म्हणजे आवाज बळकट करणारं सर्किट, बसवून घेतला आणि तिचा खणखणीत आवाज रेकॉर्डमागून रेकॉर्डमध्ये वाजवला. त्या वर्षांच्या जॅझ बेसना मागणी आली ती तिथून. लाकूड तेच राहिलं, वजनही तेच राहिलं. बदलला तो ऐकणाऱ्यांचा कान.

हातानं घडवलेल्या बेसनी भाव राखूच नये असा काही नियम नाही. इंग्लंडची वॉल बेस याची साक्ष आहे. इयन वॉलर आणि पीट स्टीव्हन्स या दोघांनी ती उभी केली. नेहमीच्या टोनच्या बटणाऐवजी तिच्यात फिल्टर असतात आणि त्यामुळे तिचा आवाज दोन स्वरांत ओळखू येतो. मिक कार्न, गेडी ली, जस्टिन चान्सलर असे एकमेकांशी काडीचा संबंध नसलेले वादक ती वाजवत आले. माल थोडा, नवीसाठी वर्षानुवर्षांची प्रतीक्षा. म्हणून वापरलेली वॉल कित्येकदा नवीहून महाग पडते. दुर्मीळता कामी येते, पण आवाजाला आधी लोकांच्या कानांत जागा मिळालेली असली तरच.

जुनी बेस विकत घेणारा जाणकार ती आधी वाजवत नाही, उघडतो. चार स्क्रू सैल करून मान अलगद उचलतो आणि तिच्या बुडाशी पेन्सिलीनं किंवा शाईनं उमटवलेली तारीख वाचतो. मग बटणांची पट्टी उलटी करून बटणांखालच्या पोटेंशियोमीटरच्या पाठीवरचे अंक पाहतो. ३०४६६१२ असेल तर ३०४ म्हणजे स्टॅकपोल कंपनी, ६६ म्हणजे १९६६ आणि १२ म्हणजे वर्षाचा बारावा आठवडा. डाग दिल्याची जागा एकदाही पुन्हा तापवलेली नसेल तर त्याचा चेहरा खुलतो. अंगाचा रंग नव्यानं दिलेला निघाला, तर किंमत साधारण निम्मी होते. टवके उडालेला, वादकाच्या बाहीनं झिजलेला मूळ रंग चकचकीत नव्या रंगापेक्षा दुप्पट मोलाचा ठरतो. नवख्याला हे पटायला वेळ लागतो.

इथेच या बाजाराची एक खंत वाटणारी बाजूही दिसते. बेसवादक जॅको पास्टोरियसची १९६२ ची जॅझ बेस या कसोट्यांवर सपशेल नापास झाली असती. पडदे काढलेले, खाचा बुजवलेल्या, वर इपॉक्सीचं कवच. पण पडदे नसलेल्या बेसचा गाता आवाज जगानं ऐकला तो तिच्यातूनच. १९८६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ती चोरीला गेली. पुढच्याच वर्षी जॅको वारला. दोन दशकांनंतर ती पुन्हा सापडली आणि मेटॅलिकाच्या रॉबर्ट ट्रुहियोनं पैसे मोजून ती सोडवली. संग्राहकाची ‘मूळ अवस्था’ आणि वादकाचा हात यांत निवड करायची झाली तर वादकाचा हात मोठा मानावा. भाव निर्माण होतो तो त्या हातातून. प्रसिद्ध बेसवादक बिल वायमनची १९६९ ची मस्टँग बेस २०२० च्या लिलावात ३ लाख ८४ हजार डॉलरला गेली. मस्टँग हे फेंडरचं शिकाऊ वादकांसाठीचं स्वस्त मॉडेल होतं.

जुन्या फेंडरच्या किमतीत आपल्याकडच्या मातीचाही थोडा वाटा आहे. १९५९ पासून फेंडरच्या मानांवर, पडद्यांखाली, ब्राझीलच्या शिसवाची पट्टी येऊ लागली. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात तिची जागा भारतीय शिसवानं घेतली. पश्चिम घाटात वाढणारं, जुन्या वाड्यांतल्या पलंगांना आणि पेट्यांना वापरलं जायचं तेच हे शिसव. १९९२ मध्ये ब्राझीलच्या शिसवाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक बंदी आली, म्हणून तशी पट्टी असलेली जुनी बेस परदेशी विकताना आजही कागदपत्रं लागतात. २०१७ मध्ये शिसवाच्या बाकीच्या जातीही नियंत्रणाखाली आल्या; तयार वाद्यांना त्यातून सवलत मिळायला २०१९ चा नोव्हेंबर उजाडला.

घरात एखादी जुनी बेस पडून असेल, तर ती रंगवू नका आणि तिचा कुठलाही भाग फेकू नका. जुन्या फेंडरमध्ये तारा अडकवायच्या पुलावर आणि आवाज टिपणाऱ्या पिकअपवर चकचकीत झाकणं असत. हाताला अडतात म्हणून वादकांनी ती काढून फेकली. आज तीच झाकणं शोधून, सुटी विकत घेतली जातात. बेस वाजवा, झिजू द्या. तारा आणि पडदे गरजेप्रमाणे बदला. पण काढलेला प्रत्येक भाग, अगदी गंजलेला स्क्रूसुद्धा, पिशवीत घालून बेसच्याच पेटीत ठेवा.