डोळा निवळल्यावर

मदनमहालाच्या टेकडीखाली, गढ्यात, १९५५ साली स्थापन झालेले वैद्यकीय महाविद्यालय आहे. बदलीच्या नोकरीतल्या एखाद्या गृहस्थाची पंचविशीतली मुलगी तेथे येते असे समजू. एका डोळ्यास अंधुक दिसते, डोळा फिरविताना दुखते, तांबडा रंग विटका भासतो. वरून डोळा स्वच्छ. दाह असतो तो मागे, मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूस. काही आठवड्यांत दृष्टी बहुधा परतते आणि घरचे पेढे वाटतात.

परंतु हा दाह पुष्कळदा मल्टिपल स्क्लेरोसिस या रोगाची पहिली वर्दी असतो. अमेरिकेत १९८८ पासून अशा रुग्णांचा अभ्यास झाला. ज्यांच्या मेंदूच्या एमआरआय चित्रात आरंभी एकही डाग नव्हता, त्यांपैकी सुमारे २५ टक्क्यांना पंधरा वर्षांत तो रोग जडला. डाग असलेल्यांपैकी ७२ टक्क्यांना.

हे मुलीस सांगावे काय? वडील हळूच म्हणणार, ‘लग्न ठरायचे आहे, तूर्त राहू द्या.’ त्यांना दोष देणे आमच्या जिवावर येते. अप्रिय सत्य गिळण्याची शिकवण आम्हांसही घरूनच मिळाली. आणि उपाय नव्हता तोवर मौनात दयाही होती. पण १९९३ साली रोगाचे झटके कमी करणाऱ्या पहिल्या औषधास अमेरिकेत मान्यता मिळाली, पुढे आणखी आली. आता मौनाने वेळ जातो, तो मुलीचा. शिवाय बदल्या आहेतच. उद्या रायपुरात हात बधिर झाला, तर नवा डॉक्टर ते वेगळेच दुखणे समजेल. जुना कागद दाखवायचा असतो हे तिला ठाऊकच नसेल.

डाग असूनही ज्या शेकडा २८ जणांना काही झाले नाही, त्यांनी भय मात्र वाहिले असेल, हे आम्ही विसरत नाही. तरीही सांगावे. सांगताना वडिलांनी आत बसावे की बाहेर, ते मुलीसच विचारावे.