प्रतिबिंब आणि तुल्यदेह

कारखान्यातून आलेली मोटार विकत घेऊन, तिचा पत्रा कापून-जोडून, छत उतरवून, दिवे, जाळी आणि पट्ट्या बदलून जी गाडी एखाद्या माणसाच्या हौसेखातर नव्याने घडवली जाते तिला अमेरिकेत कस्टम कार म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत दक्षिण कॅलिफोर्नियातील लहान लहान वर्कशॉपांत ही कला भरास आली आणि तेथील काही गाड्यांचा लौकिक असा झाला की सत्तर वर्षे उलटूनही त्यांच्या हुबेहूब प्रतिकृती करण्यात कसबी कारागिरांचा काळ आणि पैसा खर्ची पडत असतो. हाती कसब आणि एक जुनी मोटार असलेल्या माणसाने प्रसिद्ध गाडीची प्रतिकृती करावी की स्वतःचे काही घडवावे, हा प्रश्न आवडीनिवडीचा म्हणून सहसा सोडून दिला जातो. परंतु त्यात दोन जुने तात्त्विक प्रश्न गुंतलेले आहेत. एखादी वस्तू ‘तीच’ आहे असे कशाच्या बळावर म्हणायचे, हा पहिला, आणि दुसऱ्याने उत्तम केलेले कर्म पुन्हा केल्याने ते आपले कर्म होते काय, हा दुसरा. या दोहोंची गल्लत झाली की चर्चा ‘नक्कल म्हणजे चोरी’ आणि ‘नक्कल म्हणजे वंदन’ या दोन टोकांत अडकून पडते.

या कलेतील सर्वांत गाजलेले उदाहरण ‘हिरोहाटा मर्क’ या गाडीचे आहे. बॉब हिरोहाटा या जपानी वंशाच्या अमेरिकन तरुणाने १९५१ ची मर्क्युरी मोटार लॉस एंजेलिसजवळील लिनवुड येथे जॉर्ज आणि सॅम बॅरिस या बंधूंच्या हवाली केली आणि १९५२ मध्ये ती लोकांसमोर आली तेव्हा तिचे छत पुढून सुमारे चार इंच व मागून सुमारे सात इंच खाली आलेले होते, दोन काचांमधला उभा खांब नाहीसा झाला होता आणि अंगावर हिरव्याच्या दोन छटा होत्या. छत उतरवणे हे ऐकायला वाटते तितके सरळ काम नव्हे. मोटारीचे खांब वर जाताना आतल्या बाजूला कललेले असतात, त्यामुळे त्यांचा मधला तुकडा कापून छत खाली आणले की वरचे आणि खालचे टोक एकमेकांसमोर येत नाहीत. मग एक तर छताचाच पत्रा चिरून मध्ये पट्टी घालून ते वाढवावे लागते किंवा खांबांचा कल बदलावा लागतो, आणि त्यानंतर प्रत्येक सांध्यावर वितळते शिसे लाकडी पट्टीने पसरवून, कानशीने घासून, जोड दिसेनासा करावा लागतो. मागे जास्त आणि पुढे कमी कापल्याने छताची रेषा पाठीकडे उतरत जाते आणि गाडी उभी असतानाही धावती भासते. किती इंच कापायचे याचे कोणतेही कोष्टक त्या वेळी नव्हते. डोळ्याने अदमास घ्यायचा आणि चुकला तर गाडी बिघडली, असा तो मामला होता. आज प्रतिकृती करणाऱ्याला ते आकडे आयते मिळतात. त्याचे हात बॅरिस बंधूंइतकेच, कदाचित अधिकच, सफाईने चालत असतील, पण त्यांनी जे ठरवले ते त्याला ठरवावे लागत नाही.

असे म्हटले की प्रतिकृतीविरुद्धचा निकाल लागलाच असे वाटू लागते, मात्र मूळ गाडीकडे जवळून पाहिल्यास घाई करण्याचे कारण उरत नाही. हिरोहाटाच्या गाडीच्या दोन्ही अंगांवरची क्रोमची पट्टी बुइकची होती, मागचे दिवे लिंकनचे होते, पुढच्या जाळीत फोर्डचे भाग होते, आणि ज्या मर्क्युरीवर हा सगळा खटाटोप झाला तशा गाड्या त्या एका वर्षात तीन लाखांहून अधिक बनल्या होत्या. सामग्रीच्या दृष्टीने तिच्यात नवे जवळजवळ काही नव्हते. नवव्या शतकात काश्मीरमध्ये होऊन गेलेल्या काव्यशास्त्रकार आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’च्या चौथ्या उद्योतात, म्हणजे प्रकरणात, नेमका हा आक्षेप हाताळला आहे: अक्षरे आणि पदे तीच तीच वापरल्याने काव्याचे नावीन्य उणावत नाही, कारण खुद्द वाणीचा स्वामी वाचस्पती यालाही नवी अक्षरे निर्माण करता येणार नाहीत. बुइकची पट्टी ही बॅरिस बंधूंच्या हातातले अक्षर होती.

त्याच ठिकाणी आनंदवर्धनाने दोन रचनांमधील साम्याचे, ज्याला तो ‘संवाद’ म्हणतो, तीन प्रकार सांगितले आहेत आणि प्रतिकृतीच्या प्रश्नासाठी त्यांच्याइतके कामाचे साधन आधुनिक सौंदर्यशास्त्रातही क्वचितच सापडेल. पहिला प्रकार आरशातल्या प्रतिबिंबासारखा. त्याला मूळ वस्तूहून वेगळा आत्मा नसतो, म्हणून तो कवीने टाकावा. दुसरा चित्रासारखा, त्याला आत्मा असतो, पण क्षुल्लक. तिसरा दोन सदृश देहधाऱ्यांसारखा, म्हणजे तुल्यदेही. चेहरेपट्टी मिळतीजुळती असली तरी प्रत्येकात जीव स्वतंत्र असतो, आणि असे साम्य मुळीच त्याज्य नाही. हिरोहाटाची गाडी स्वतःच या तिसऱ्या प्रकारात बसते, कारण तिच्याआधी सॅम बॅरिसने १९४९ च्या मर्क्युरीचे छत उतरवून स्वतःसाठी गाडी केलेली होती आणि दोघींचे नाते कोणालाही ओळखू यावे असे आहे. इंच न् इंच मोजून केलेली प्रतिकृती पहिल्या प्रकारात मोडते. मधल्या प्रकारात बहुसंख्य गाड्या येतात: मूळ आकार तसाच ठेवून रंग बदललेल्या, ब्रेक आधुनिक केलेल्या, आणि तेवढ्यावर वेगळेपणाचा दावा सांगणाऱ्या. स्पष्टच सांगायचे तर प्रामाणिक प्रतिबिंबापेक्षा हा मधला प्रकारच अधिक उथळ असतो, आणि या एका बाबतीत आनंदवर्धनाचा क्रम उलटा करावासा वाटतो.

तरीही ‘मूळ’ म्हणजे कोणते, हे अजून ठरलेले नाही. हिरोहाटाने १९५३ मध्ये गाडीत कॅडिलॅकचे इंजिन बसवले. १९५५ च्या एका चित्रपटासाठी ती सोनेरी छटेत रंगवली गेली. पुढे एका कुमारवयीन मुलाने ती ५०० डॉलरना विकत घेतली, अनेक वर्षे ती त्याच्या गॅरेजमध्ये राहिली आणि बऱ्याच काळाने त्यानेच तिचा जीर्णोद्धार हाती घेतला. आज तिच्यावर दिसणारा हिरवा रंग १९५२ चा नव्हे, त्या रंगाची ती प्रतिकृती आहे. वैशेषिक दर्शनाच्या मते अवयव बदलला की जुना ‘अवयवी’, म्हणजे अवयवांहून वेगळे असे संपूर्ण द्रव्य, नाश पावतो आणि दुसरा उत्पन्न होतो; वस्त्रातून एक धागा निघाला तरी उरते ते वेगळे वस्त्र. हा न्याय कडक लावला तर लिनवुडमध्ये घडलेली गाडी इंजिन बदलले तेव्हाच संपली. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात नागसेन भिक्षू राजा मिलिंदाला त्याच्याच रथाचा दाखला देऊन सांगतो की आस म्हणजे रथ नव्हे, चाके म्हणजे रथ नव्हेत, रथ हे अवयवांच्या आधाराने चालणारे नाव आहे. पण म्हणून बौद्ध मताने मूळ आणि प्रतिकृती सारख्याच ठरतात असे मात्र नाही. स्थिर वस्तू नाकारूनही बौद्ध ‘संतान’, म्हणजे एका क्षणातून पुढचा क्षण उपजत जाणारा कार्यकारणांचा प्रवाह, मानतात, आणि एका प्रवाहातील कर्माचे फळ दुसऱ्यात उगवत नाही. सोनेरी रंग, गॅरेजमधली वर्षे, जीर्णोद्धार हे सारे एका संतानात येते. प्रतिकृती कितीही अचूक असली तरी तिचा प्रवाह वेगळ्या वर्कशॉपात सुरू झालेला असतो. जानेवारी २०२२ मध्ये फ्लोरिडातील लिलावात हिरोहाटा मर्कला वीस लाख डॉलरांहून अधिक किंमत आली ती या प्रवाहाची होती, पत्र्याची नव्हे.

प्रतिकृतीच्या बाजूने सर्वांत बळकट युक्तिवाद मीमांसा दर्शनाच्या उपमान-प्रमाणातून, म्हणजे सादृश्यातून होणाऱ्या ज्ञानाच्या विचारातून, मिळतो. गावातली गाय पाहिलेला माणूस रानात गवय, म्हणजे गाईसारखा दिसणारा रानटी प्राणी, पाहतो आणि त्याला ‘घरची माझी गाय याच्यासारखी आहे’ असे ज्ञान होते. हे ज्ञान समोरच्या प्राण्याविषयी नसून समोर नसलेल्या गाईविषयी असते. १९८० च्या दशकात मूळ गाडी लोकांच्या दृष्टीआड होती आणि त्याच काळात अमेरिकेत तिची एक प्रतिकृती तयार झाली. ज्यांनी जुन्या मासिकांतली सपाट छायाचित्रेच पाहिली होती त्यांना छताची ती रेषा सर्व बाजूंनी फिरून पाहता आली आणि नसलेल्या गाडीचे ज्ञान असलेल्या गाडीने दिले. ही सेवा लहान नाही. मात्र २०१७ मध्ये मूळ गाडी वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर काचेच्या पेटीत मांडली गेल्यावर त्या सेवेची निकड उरली नाही.

प्रतिकृतीचे समर्थक कधी कधी देवालयाचा दाखला देतात आणि तो दुर्लक्षून चालत नाही. पुरीला जगन्नाथाचा सोळा चाकांचा नंदिघोष, बलभद्राचा चौदा चाकांचा तालध्वज आणि सुभद्रेचा बारा चाकांचा दर्पदलन हे रथ दरवर्षी नव्या लाकडाचे बनतात. लाकडी घोडे, सारथी अशा काही वस्तू तेवढ्या पुन्हा वापरल्या जातात. तरी यंदाच्या नंदिघोषाला कोणी गेल्या वर्षीच्या रथाची नक्कल म्हणत नाही. घरोघरच्या देव्हाऱ्यातला विठ्ठलही पंढरपूरच्या मूर्तीची रेप्लिका ठरत नाही. याचे कारण असे की दोन्हीकडे वस्तूला तिचे पद विधीने आणि उपासनेने प्राप्त होते. रथाची जागा आधीपासून असते, दरवर्षीचे लाकूड ती भरते. हिरोहाटा मर्कची अशी कोणतीही जागा नव्हती. तिच्या आधी ती कोणाला हवी नव्हती आणि एका तरुणाला हवीशी वाटली म्हणून ती झाली.

येथे धर्माचा प्रश्न येतो. दुसऱ्याचा धर्म उत्तम आचरण्यापेक्षा स्वतःचा उणा असला तरी श्रेयस्कर, हा गीतेच्या तिसऱ्या अध्यायातला विचार स्वनिर्मितीच्या समर्थनार्थ सर्रास पुढे केला जातो, आणि तो चुकीच्या जागी लावला जातो. गीतेतील स्वधर्म म्हणजे आत्माविष्कार नव्हे. तो माणसाच्या वाट्याला आलेला असतो. पुरीच्या सुताराचा स्वधर्म वडिलांनी केला तसाच रथ करणे हा आहे, आणि त्याने नवीन आकार काढला तर तोच परधर्म होईल. म्हणून प्रश्न नवे की जुने असा नसून कोणते कर्म वाट्याला आले आहे असा आहे. कस्टम कार घडवणाऱ्याच्या वाट्याला एक विशिष्ट माणूस, त्याची विशिष्ट गाडी आणि त्याची इच्छा येते. प्रतिकृती मागणारा मात्र सांगतो की मला जे हवे ते हिरोहाटाला हवे होते तेच. आकृती उसनी घेण्यात फारसे काही बिघडत नाही, तशी उसनवारी बॅरिस बंधूंनीही केली. पण इच्छाच उसनी आणली की या कलेत उत्तर देण्याजोगा प्रश्न शिल्लक राहत नाही. यावर कोणी म्हणेल की त्या गाडीवरचा जीव हीच त्याची स्वतःची इच्छा आहे. ते खरेही असू शकते, मात्र त्या प्रेमाचा विषय एक संतान आहे, आणि प्रतिकृती त्या संतानाच्या बाहेर जन्मते.

‘काव्यमीमांसा’कार राजशेखराने, ज्याच्या पणजोबांना महाराष्ट्राचा चूडामणी म्हटले गेले, आनंदवर्धनाच्या तीन प्रकारांत ‘परपुरप्रवेश’ हा चौथा घातला. त्यात दोन रचनांचे मूळ एकच असते, पण मांडणी सर्वस्वी निराळी होते, म्हणजे ती कवीला स्वतः निवडावी लागते. काटेकोर प्रतिकृती करणाऱ्यालाही असा निवडीचा क्षण चुकत नाही, कारण त्याला कोणत्या वर्षीची गाडी करायची हे ठरवावेच लागते: १९५२ ची मर्क्युरीच्या इंजिनाची, १९५३ ची कॅडिलॅकच्या इंजिनाची, की चित्रपटातली सोनेरी. बहुतेक जण हिरवी पसंत करतात. हिरोहाटाला ही अडचण कधी आली नाही. इंजिन बदलताना आपल्या गाडीचे खरे रूप कोणते, हे त्याला कोणाला विचारावे लागले नव्हते.